घोटभर पाणी

वॉर्डातून निवृत्त होऊन सिस्टरांना बरीच वर्षं झाली होती, पण ते नाव काही सुटलं नाही. शेजारीपाजारी सिस्टर म्हणत, दुकानदार सिस्टर म्हणे, आणि नवरा होता तोवर तोही "सिस्टर, पेशंटला चहा मिळेल का?" असं विचारून बोलणी खायचा. आता त्या वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये म्हाताऱ्या माणसांचं करणाऱ्यांना प्रथमोपचार शिकवत. कुणी स्वतःच्या आईबापांचं करणारं असे, कुणी पगारावर परक्याचं करणारं. काम तेच, थकवा तोच. फक्त पगारवाल्यांना सुट्टी मिळते आणि घरच्यांना नाही, असं सिस्टर पहिल्याच दिवशी सांगून टाकत.

शिकवण्याची त्यांची एक पद्धत होती आणि तिचा त्यांना जरा तोराही होता. त्या आधी शिकवत नसत, आधी विचारत. "तुमच्यावर वेळ आली तेव्हा तुम्ही काय केलंत ते सांगा. मग काय करायला हवं होतं ते मी सांगते." ऐकलेलं बरोबर उत्तर माणूस जिना उतरेपर्यंत विसरतो आणि स्वतःचं चुकलेलं जन्मभर विसरत नाही, असा त्यांचा अनुभव होता. चूक ज्याची त्याच्याच तोंडून काढायची, सगळ्यांनी मिळून हसायचं, आणि हसता हसता शिकवून मोकळं व्हायचं. आजवर या पद्धतीने कुणाचं काही वाईट झालं नव्हतं.

त्या दिवशीही सकाळ अशीच मजेत गेली. एक निवृत्त ड्रायव्हर होते, अंथरुणाला खिळलेल्या बायकोचं करणारे. तिच्या हातावर गरम चहा सांडला तेव्हा आपण वर टूथपेस्ट फासली, असं त्यांनी सांगितलं. "हात भाजला होता की दात?" सिस्टर म्हणाल्या. मग वाहत्या पाण्याखाली हात कसा धरायचा ते दाखवलं. एका सूनबाईंनी सासूला फिट आली तेव्हा तिच्या दातांत चमचा घातला होता. "सासूचं तोंड बंद करायची संधी मिळाली की घाई होतेच," सिस्टर म्हणाल्या, "पण दात तुटतात आणि श्वास अडतो. तोंडात काहीही घालायचं नाही. डोक्याखाली मऊ काहीतरी सरकवा आणि आजूबाजूच्या खुर्च्या लांब करा." सूनबाई पदरात तोंड लपवून हसल्या. सरावासाठी कंबरेपर्यंतचा एक रबरी पुतळा होता, त्याचं नाव वर्गाने जावईबापू ठेवलं होतं, कारण तो आल्यापासून नुसता पडून होता आणि सगळे मात्र त्याच्या तोंडाकडे बघत होते.

जावईबापूंना हे नाव दिलं होतं थोरलीने. थोरली हे तिचंही वर्गातलंच नाव. चार भावंडांत मोठी, आणि मोठेपण अंगात इतकं मुरलेलं की हॉलमध्ये पाय ठेवल्या ठेवल्या तिने खुर्च्या नीट मांडल्या, पंख्यासाठी शिपायाशी भांडली, ड्रायव्हरना उन्हातून उठवून सावलीत बसवलं. पन्नाशीची, हाडापेराने मोठी, मोठ्या आवाजाची बाई. लग्न राहून गेलेलं. भाऊ आपापल्या संसारात, आणि वडील तिच्या वाट्याला. वडील गेल्यावर ती एका म्हाताऱ्या मास्तरांच्या घरी त्यांचं करायला राहिली होती.

"आता थोरलीबाई," सिस्टर म्हणाल्या. "तुमची काय चूक?"

"माझी चूक नाही हो सिस्टर," थोरली म्हणाली. "माझं बरोबर झालेलं सांगते."

सगळे हसले. सिस्टरही हसल्या.

"त्या दिवशी बाबा खुर्चीवरून घसरले. धावत गेले तर तोंड एका बाजूला ओढलेलं, उजवा हात लुळा. बोलायला जायचे आणि नुसते बुडबुडे यायचे. डॉक्टरांना फोन केला, ते म्हणाले निघालोच. बाबांनी डावा हात पाण्याच्या ग्लासाकडे केला. मी ओळखलं ना! इतकी वर्षं केलेलं त्यांचं, बोट हललं तरी मला कळायचं. त्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि चमच्याने पाणी पाजलं. आधी सगळं ओठांच्या कडेनं बाहेरच यायचं. मग मी त्यांची मान जरा मागे केली, तेव्हा कुठे आत गेलं."

सिस्टरांच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी राहिलं.

"थोडे खोकले. मग छातीत खुळखुळ असा आवाज यायला लागला. मी म्हटलं, कोरडा घसा ओला होतोय. म्हणून अजून दिलं. अख्खा ग्लास प्यायले, सिस्टर! ओठ निळसर दिसायला लागले तेव्हा वाटलं गारठलेत, म्हणून माझी शाल पांघरली. पाठीवरून हात फिरवत बसले. मग हळूहळू आवाज थांबला आणि शांत झाले. डॉक्टर आले ते नंतर. म्हणाले, झटका मोठा होता." थोरलीने डोळे पुसले, पण तिचा चेहरा उजळला होता. "माझ्या तिन्ही भावांना आयुष्यात जमलं नाही ते मला मिळालं. माझ्या हातचं पाणी पिऊन गेले माझे बाबा."

वर्ग हेलावून गेला. सूनबाई मुसमुसत होत्या. ड्रायव्हर म्हणाले, "नशीबवान हो तुमचे वडील. असं मरण मागून मिळत नाही."

ती खुळखुळ सिस्टरांनी वॉर्डात इतकी ऐकली होती की झोपेतही ओळखली असती. झटक्याने गिळण्याची ताकद गेलेली असते. मान मागे केली की पाणी पोटात न जाता सरळ श्वासनळीत उतरतं. त्यांनी गोष्ट ऐकली नव्हती, एक माणूस लेकीच्या मांडीवर चमच्या-चमच्याने बुडताना पाहिला होता. आणि ती लेक त्यांच्यासमोर बसून शाबासकीची वाट पाहत होती.

पद्धतीप्रमाणे आता सिस्टरांनी बोलायचं होतं. सगळे त्यांच्याकडे बघत होते.

"चहा घेऊन घेऊ," सिस्टर म्हणाल्या.

चहाला अजून अवकाश होता. खालून शिपाई ओरडला की आधणसुद्धा ठेवलेलं नाही. तरी सिस्टर उठल्या आणि खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. खाली बसथांब्यावर एक बाई आपल्या म्हाताऱ्याच्या शर्टाचं बटण लावून देत होती आणि म्हातारा तिला काहीतरी सुनावत होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, असं सिस्टरांना वाटलं. कुणी सांगितलं होतं लोकांना त्यांच्या गोष्टी विचारायला? फळ्यावर चार वाक्यं लिहायची, पुतळ्याची छाती दाबून घ्यायची, प्रमाणपत्रं वाटून घरी जायचं. बाकीचे नाही का तसंच शिकवत!

पण थोरलीला सांगायलाच हवं का? त्यांनी स्वतःलाच विचारलं. बाप गेला तो गेला. सांगून तो परत येणार नाही. या बाईकडे नवरा नाही, मूल नाही, स्वतःचं म्हणावं असं घर नाही. तो एक ग्लास पाणी आहे, तेवढं तरी राहू दे तिच्याकडे.

चहा एकदाचा झाला आणि सिस्टरांचा कप घेऊन आली थोरलीच.

"बरं वाटत नाही का हो? चेहरा उतरलाय तुमचा. साखर जास्त घातलीय, प्या मुकाट्याने."

"मला तुमच्याशी जरा—" सिस्टरांनी सुरुवात केली.

"अहो, मीच तुम्हाला विचारणार होते," थोरली म्हणाली. "आमच्या मास्तरांना हल्ली गिळताना त्रास होतो. जेवताना ठसका लागतो, डाव्या हातातून वस्तू पडतात. फार घाबरतात बिचारे. मुलगा परदेशात. मी सांगून ठेवलंय त्यांना, म्हटलं मास्तर, काही काळजी करू नका, तुमची वेळ आली तर तुम्हाला तहानलेलं जाऊ देणार नाही मी. बाबांना पाजलं तसं तुम्हालाही पाजेन." ती हसली. "खरं सांगू का, बाबा गेल्यावर मी वेडीच झाले असते. रात्र रात्र वाटायचं, एवढं करून काय मिळालं मला? मग तो ग्लास आठवायचा. त्याच्यावरच उभी आहे बघा मी."

सिस्टरांनी कप खिडकीत ठेवला. धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं, अशी गत झाली होती. गप्प बसलं तर ही बाई उद्या-परवा त्या मास्तरांची मान मागे करील, आणि तेही इतक्या मायेने की त्यांना कळणारही नाही. नुसती हीच नव्हे. ती सूनबाई, ते ड्रायव्हर, आज हिच्या गोष्टीवर रडलेले सगळेच घरी जातील आणि वेळ आली की ग्लास भरतील. चुकीची गोष्ट इतकी सुंदर सांगितली गेली होती की बरोबर गोष्ट तिच्यासमोर कुणाच्या लक्षात राहिली असती?

वर्ग पुन्हा बसला. सिस्टर उभ्या राहिल्या.

"पक्षाघात," त्या म्हणाल्या. "तोंड वाकडं होतं, एक हात लुळा पडतो, बोलणं तुटतं. यांतलं एक जरी दिसलं तरी आधी ॲम्ब्युलन्स. ओळखीच्या डॉक्टरांची वाट पाहत बसायचं नाही. माणसाला कुशीवर वळवायचं. तोंडातली लाळ बाहेर येऊ द्यायची, पुसायची. आणि..." थोरली समोरच होती. मान पुढे काढून, कानांत प्राण आणून ऐकत होती. सिस्टरांनी नजर जावईबापूंवर नेली. "आणि पाणी द्यायचं नाही. खायला-प्यायला काहीही नाही. औषधाची गोळीसुद्धा नाही. त्यांनी मागितलं तरी नाही."

"मागितलं तरी?" सूनबाईंनी विचारलं.

"मागितलं तरी. त्यांना गिळता येत नसतं. दिलेलं पाणी श्वासनळीत जातं."

"पण यांनी तर पाजलं," ड्रायव्हर भाबडेपणाने म्हणाले, "आणि वडील अगदी शांतपणे..."

आणि ते थांबले. सगळ्यांना एकदमच कळलं असावं, कारण एकाएकी कुणीच कुणाकडे बघेना. हॉलमध्ये फक्त पंखा फिरत होता, ज्याच्यासाठी थोरली भांडली होती.

थोरली सिस्टरांकडेच बघत होती. "मग माझ्या बाबांचं काय झालं?"

"तुमच्या बाबांचं वेगळं होतं," सिस्टर म्हणाल्या.

"काय वेगळं होतं?"

सिस्टरांना खोटं बोलता येत नव्हतं असं नाही. वॉर्डात त्या लागेल तेव्हा बोलल्या होत्या. आई कधी उठेल म्हणून विचारणाऱ्या पोरांना, नवऱ्याला घरी सोडायची तारीख विचारणाऱ्या बायकांना. पण ते खोटं ऐकणाऱ्याच्या घरी मास्तर नव्हते.

"तुम्हाला माहीत नव्हतं," त्या म्हणाल्या.

"ते नाही विचारलं मी." थोरलीचा मोठा आवाज कुठच्या कुठे गेला होता. "खुळखुळ वाजत होतं ते पाणी होतं का?"

"असेल."

"आणि ओठ?"

"श्वास मिळत नव्हता म्हणून." सिस्टर तिच्याजवळ जाऊन खाली बसल्या. गुडघे करकरले. "हे बघा, झटका मोठा होता असं डॉक्टर म्हणाले ना? पाणी दिलं नसतं तरी ते गेलेच असते, असंही असू शकतं. ते आता कुणालाच सांगता येणार नाही. मलाही नाही."

"म्हणजे मी पाजलं नसतं तर वाचलेही असते."

सिस्टरांनी तिचा हात धरला. तो तिने काढून घेतला नाही, पण त्या हातात जीवही नव्हता.

"ते मान हलवत होते," थोरली म्हणाली. कुणाला सांगत होती कोण जाणे. "दुसऱ्या-तिसऱ्या चमच्यानंतर मान बाजूला करत होते. मी म्हटलं, असं काय करता बाबा, प्या. लहान मुलाला म्हणतात तसं. हनुवटी धरली मी त्यांची." मग ती एकदम ओरडली, "हनुवटी धरून पाजलं हो मी!"

सूनबाई रडत तिच्या गळ्यात पडायला गेल्या. थोरलीने त्यांना हळूच बाजूला केलं, उठली, खुर्ची जागेवर सरकवली आणि जिना उतरून निघून गेली. ड्रायव्हर पुन्हा पुन्हा स्वतःच्या कपाळावर हात मारून घेत होते. सिस्टरांनी त्यांना थांबवलं नाही. त्यांना स्वतःचंच थोबाड फोडून घ्यावंसं वाटत होतं.

दुपारी प्रात्यक्षिक असे. प्रात्यक्षिकात मात्र जावईबापू चालत नसत, कारण पुतळा विव्हळत नाही आणि हट्ट करत नाही. पेशंट सिस्टर स्वतः व्हायच्या. चटईवर आडव्या पडायच्या, तोंड वाकडं करायच्या, एक हात मेल्यासारखा टाकून द्यायच्या, आणि वरून शिव्या दिल्यासारखं पाणी मागायच्या. मदत करणारा भांबावला पाहिजे, तरच तो खऱ्या वेळी भांबावणार नाही. एरवी त्या हे काम इतकं रंगवत की लोक पोट धरून हसत. आज सूनबाईंची पाळी झाली, ड्रायव्हरांची झाली. दोघांनीही सगळं बरोबर केलं आणि कुणीही हसलं नाही.

सिस्टर उठून बसत होत्या तेवढ्यात दार लोटलं गेलं. थोरली आत आली. तोंड धुऊन आली होती, केसांच्या कडा ओल्या होत्या.

"माझा नंबर राहिलाय," ती म्हणाली.

"तुमचं झालं असं धरते मी," सिस्टर म्हणाल्या. "तुम्ही घरी जा. मी सोडायला येते हवं तर."

"मास्तर आहेत घरी. शिकल्याशिवाय कशी जाऊ?" ती चटईशी येऊन गुडघ्यांवर बसली. "झोपा तुम्ही."

सिस्टर आडव्या झाल्या. त्यांनी हात टाकून दिला, तोंड एका बाजूला ओढलं. थोरलीने त्यांच्या खांद्याला हात लावून हाक मारली. हात उचलून बघितला. ड्रायव्हरना ॲम्ब्युलन्स बोलवायला सांगितलं, आणि ड्रायव्हरांनी हातात नसलेला फोन कानाला लावला. सगळं जसं सांगितलं होतं तसंच. मग ती थांबली.

आता पेशंटने पाणी मागायचं होतं. सिस्टर छताकडे बघत पडून राहिल्या.

"मागा ना," थोरली म्हणाली.

सिस्टरांनी मान हलवली.

"पाणी मागा, सिस्टर. सगळ्यांकडे मागितलंत ना? माझ्याकडेही मागा."

सिस्टरांच्या तोंडून शब्द निघाला तो इतका फाटका की तो अभिनय राहिलाच नव्हता. "पाणी."

थोरलीचा चेहरा त्यांच्या अगदी वर होता. ओठ घट्ट मिटलेले, डोळ्यांतून धारा लागलेल्या आणि त्या पुसायचं भानच नाही.

"नाही बाबा," ती म्हणाली. "नाही देणार."

तिने एक हात सिस्टरांच्या खांद्यामागे आणि एक कंबरेमागे घातला आणि त्यांना हळूच कुशीवर वळवलं. हनुवटीला स्पर्श करायला तिचा हात पुढे झाला, थांबला, आणि मग फक्त दोन बोटांनी तिने तोंड जमिनीकडे झुकवलं. पदराने ओठांची कड टिपली. पाठीवर हात ठेवून श्वास चाललाय का ते बघत राहिली. सिस्टर श्वास घेत होत्या. त्या हाताखाली त्यांची पाठ वर येत होती, खाली जात होती.

"झालं," सिस्टर चटईत तोंड घालून म्हणाल्या. "बरोबर केलंत. सगळं बरोबर केलंत. उठू का मी?"

थोरलीने हात काढला नाही.

"अजून एकदा मागा," ती म्हणाली.

सिस्टरांनी डोळे मिटले आणि पुन्हा पाणी मागितलं.